जुन्या इमारतीतली मोबाइल अँटेना यंत्रणा ५जीसाठी सुधारताना: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर या भागातल्या बऱ्याच रुग्णालयांत, कॉलेजांत, हॉटेलांत आणि कारखान्यांत २जी-३जीच्या काळात बसवलेली अँटेना यंत्रणा अजून छतात आहे. पॅसेजमध्ये टांगलेल्या पांढऱ्या ऑम्नी (सगळ्या दिशांना सिग्नल देणाऱ्या) अँटेना, फॉल्स सीलिंगच्या वरून गेलेली जाड काळी फीडर केबल, आणि तळघरात किंवा जिन्याखाली मोबाइल कंपनीचा रेडिओ, म्हणजे सिग्नल पाठवणारं आणि घेणारं यंत्र. या धंद्यात तिला आयबीएस (इन-बिल्डिंग सोल्यूशन) म्हणतात, काही जण डीएएस (डिस्ट्रिब्युटेड अँटेना सिस्टिम) म्हणतात. आता ५जी हवं म्हणून तिच्यावर कामं निघाली आहेत आणि बहुतेक ठिकाणी ती उलट्या क्रमाने होत आहेत. आधी अँटेनांची ऑर्डर जाते, मग कंत्राटदार ठरतो, मग मोबाइल कंपनीला पत्र जातं आणि मोजमाप सगळ्यांत शेवटी होतं. पैसे खर्च होतात, आणि वॉर्डातली सिस्टर फोन लावायला खिडकीशीच उभी राहते.

हा लेख इमारतीची देखभाल पाहणाऱ्या इंजिनिअरांसाठी, संस्थेच्या विश्वस्तांसाठी आणि केबलचं काम घेणाऱ्या स्थानिक कंत्राटदारांसाठी आहे. सिग्नल प्रसारित करण्याचा अधिकार परवानाधारक कंपनीचाच असतो. त्याआधीची तयारी आणि त्यानंतरची तपासणी मात्र तुम्ही करून घेतली नाही तर कोणी करत नाही.

आधी एक हिशेब

समजा, तुमची यंत्रणा १८०० मेगाहर्ट्झवर ४जी नीट देते. त्याच केबलमधून आणि त्याच अँटेनांतून ३५०० च्या आसपासचं ५जी सोडलं तर काय होईल? (भारतात २०२२ च्या लिलावात गेलेला हा पट्टा ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झचा आहे.)

अर्धा इंची फीडर केबल १८०० वर १०० मीटरला साधारण १० डीबी (डेसिबल, १० डीबी घट म्हणजे ताकद दहाव्या हिश्श्यावर) खाते, ३५०० वर साधारण १४.७. केबल ६० मीटर असेल तर इथेच पावणेतीन डीबी जास्त गेले. अँटेनापासून फोनपर्यंतच्या हवेत, वारंवारता जवळपास दुप्पट झाल्यामुळे, आणखी ५.८ डीबी जातात. तिसरा तोटा सहसा कोणी धरतच नाही. ४जीचा वाहक, म्हणजे सिग्नल वारंवारतेच्या ज्या तुकड्यावर जातो तो, २० मेगाहर्ट्झ रुंद असतो, ५जीचा १००. तेवढेच वॅट जास्त रुंदीवर पसरतात आणि फोन जो संदर्भ-सिग्नल मोजतो त्याची ताकद ४.४ डीबीने उतरते. बेरीज १३ डीबी, म्हणजे ताकद विसाव्या हिश्श्यावर. यात भिंती धरलेल्या नाहीत. बेळगावातल्या जुन्या इमारतींच्या जांभ्या दगडाच्या जाड भिंती १८०० लाच जड जातात, ३५०० ला त्याहून जास्त. पावसाळ्यात भिंत पाणी प्यायली की आणखी.

७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचं उलट आहे. तो भिंतीतून चांगला जातो, पण जुने स्प्लिटर आणि कपलर (एका केबलचा सिग्नल शाखांत वाटणारे भाग) बहुधा ८०० पासून पुढेच काम करायला बनवलेले असतात. म्हणजे जुनी यंत्रणा खालच्या टोकाला अडते आणि वरच्या टोकालाही अडते. हा हिशेब समजला की फक्त अँटेना बदलून का भागत नाही ते वेगळं सांगावं लागत नाही.

टप्पा १: कोणत्या सर्कलला पत्र लिहायचं ते ठरवा

सीमाभागात पहिली चूक इथेच होते. स्पेक्ट्रम, म्हणजे वारंवारतेचे पट्टे, सर्कलनुसार (दूरसंचार सेवेच्या विभागांनुसार) विकला जातो. बेळगाव जिल्हा कर्नाटक सर्कलमध्ये येतो. कोल्हापूर, सांगली, सिंधुदुर्ग आणि गोवाही महाराष्ट्र सर्कलमध्ये. शिनोळीतले कारखाने बेळगावच्या बाजारपेठेवर चालतात आणि तिथे कामगारही बेळगावातून जातात, पण शिनोळी चंदगड तालुक्यात आहे. तिथल्या इमारतीसाठी कंपनीच्या महाराष्ट्र सर्कलकडे अर्ज लागतो. उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्यांसाठी कर्नाटक सर्कलकडे. एकाच मालकाचे दोन्हीकडे कारखाने असतील तर दोन वेगळे अर्ज करा आणि दोन वेगळी डिझाइन मागा. एकाच कंपनीकडे हद्दीच्या अलीकडे आणि पलीकडे सारखेच पट्टे आणि सारखीच रुंदी असेल असं धरून चालू नका.

पत्रात या गोष्टी मागा:

१. या इमारतीत कंपनी कोणकोणते पट्टे चालवणार आहे, आजचे आणि पुढच्या तीन वर्षांतले.
२. प्रत्येक पट्ट्यासाठी रेडिओचे वॅट किती.
३. एक मार्ग, दोन मार्ग की चार मार्ग, म्हणजे मायमो (एकाच वेळी अनेक मार्गांनी सिग्नल पाठवणं) किती.
४. पूर्ण झालेली यंत्रणा स्वीकारण्याच्या कंपनीच्या अटी: व्हीएसडब्ल्यूआर (केबलमधून किती सिग्नल परत फिरतो ते दाखवणारा आकडा), पिम (खराब जोडात वारंवारता मिसळून होणारा गोंगाट, सातव्या टप्प्यात येईल) आणि वॉक टेस्ट (इमारतीत चालत केलेलं मोजमाप) यांचे आकडे.

चौथा मुद्दा लेखी घ्या. काम झाल्यावर अटी कळल्या तर सीलिंग पुन्हा उघडावं लागतं. आणि ज्या कंपनीचं इमारतीत काहीच नाही तिलाही याच वेळी विचारा, कारण नंतर तिच्यासाठी पुन्हा तेच शाफ्ट आणि तेच सीलिंग उघडलं जातं.

इशारा: बाजारात मिळणारे सिग्नल बूस्टर लावू नका. दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय ते लावणं आणि बाळगणंही बेकायदेशीर आहे. शिवाय असा एक बूस्टर आसपासच्या टॉवरच्या अपलिंकमध्ये (फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्या मार्गात) इतका गोंगाट भरतो की अख्ख्या गल्लीचे फोन तुटायला लागतात.

इमारत लहान असेल, दोन-तीन मजल्यांची, आणि अडचण फक्त कॉल न लागण्याची असेल, तर इथेच थांबून विचार करा. चांगलं ब्रॉडबँड, प्रत्येक मजल्यावर व्यवस्थित वाय-फाय आणि फोनमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू, एवढ्यात काम भागतं. दवाखाना, शाळा किंवा लहान लॉज असेल तर मी हाच सल्ला देतो.

टप्पा २: छतात काय आहे त्याची शिरगणती

मूळ नकाशा मिळाला तरी त्यावर विसंबू नका. दहा वर्षांत कोणीतरी वॉर्डाचं पार्टिशन हलवलेलं असतं, एसीवाल्याने केबल बाजूला ओढलेली असते, रंगाऱ्याने अँटेनावर रंग मारलेला असतो. शिडी घ्या, टॉर्च घ्या आणि रेडिओपासून शेवटच्या अँटेनापर्यंत केबल हाताने चाचपत जा. प्रत्येक भागाचा फोटो काढा आणि ही नोंद करा:

स्प्लिटर आणि कपलरवरच्या स्टिकरवरचा वारंवारतेचा पल्ला. ८००-२५०० असेल तर तो भाग ७०० आणि ३५०० दोन्हींसाठी बाद. ६९८-२७०० असेल तर ७०० ला चालेल, ३५०० ला नाही. ६९८-३८०० किंवा त्यापुढे असेल तर ठेवता येईल. स्टिकर पुसला गेला असेल तर भाग बाद धरा, अंदाज करू नका.

केबलची जाडी आणि लांबी. अर्धा इंची आणि ७/८ इंची फीडर केबलला ३५०० मेगाहर्ट्झची अडचण नाही, फक्त तोटा वाढतो. काही मोठ्या इमारतींत उभ्या शाफ्टमध्ये १-५/८ इंची केबल घातलेली आहे. तिची वरची मर्यादा २७०० च्या आसपास संपते, त्यामुळे ३५०० तिच्यातून नेता येत नाही. ही गोष्ट डिझाइन झाल्यावर लक्षात आली तर सगळं डिझाइन फुकट जातं.

मध्ये कुठे ॲम्प्लिफायर किंवा ऑप्टिकल रिमोट आहे का. २जी-३जीच्या काळातले हे डबे ९००, १८०० आणि २१०० साठी असतात. २३०० आणि ३५०० चे पट्टे टीडीडी पद्धतीने चालतात, म्हणजे एकाच वारंवारतेवर आळीपाळीने पाठवणं आणि घेणं. जुना ॲम्प्लिफायर ती आळीपाळी ओळखतच नाही. असा डबा मार्गात असेल तर त्याच्या पुढची सगळी शाखा नव्याने विचारात घ्या.

अँटेना कुठे टांगली आहे: सीलिंगच्या खाली की वर? लोखंडी जाळीच्या सीलिंगवर किंवा एसीच्या पत्र्याच्या डक्टला खेटून असलेली प्रत्येक अँटेना लाल शाईने खुणावून ठेवा. कारण सातव्या टप्प्यात येईल.

तपासणी: प्रत्येक भागाला कोड द्या आणि तोच कोड केबलवर, नकाशावर आणि फोटोवर टाका. लेबलवर वाक्यं लिहू नका, मजला-शाखा-क्रमांक एवढे आकडे पुरेत. आपल्याकडे रात्रपाळीत मराठी बोलणारा असतो, दिवसपाळीत कन्नड बोलणारा असतो आणि कंपनीचा माणूस हुबळीहून किंवा बेंगळुरूहून येतो. आकडे सगळ्यांना वाचता येतात.

टप्पा ३: काहीही न हलवता मोजमाप

आता आजची स्थिती मोजून ठेवा. दोन मोजमापं लागतात आणि दोन्हींचा उपयोग वेगळा आहे.

पहिलं हवेतलं. प्रत्येक कंपनीचं सिम, अँड्रॉइड फोन आणि जी-नेटट्रॅकसारखं एखादं ॲप घेऊन प्रत्येक मजला चाला. आरएसआरपी (सिग्नलची ताकद), एसआयएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती), पीसीआय (सेलचा ओळख क्रमांक), कोणता पट्टा आणि नेटवर्क कोड लिहून घ्या. लिफ्ट, तळघर, जिना, ऑपरेशन थिएटर, एक्स-रेची शिशाच्या भिंतीची खोली वेगळी नोंदवा. निपाणी, कोगनोळी पट्ट्यात वरच्या मजल्यांवर नेटवर्क कोडकडे मुद्दाम बघा. एअरटेलचा कर्नाटकातला कोड ४०४-४५ आणि महाराष्ट्रातला ४०४-९०. बीएसएनएलचा अनुक्रमे ४०४-७१ आणि ४०४-६६. चौथ्या मजल्यावरच्या खिडकीत फोन पलीकडच्या सर्कलचा टॉवर पकडत असेल, तर तिथे आतला सिग्नल बाहेरच्याहून निदान ६ डीबी वरचढ ठेवावा लागेल. तसं नसेल तर फोन आतला सेल (आतल्या रेडिओचं क्षेत्र) सोडून हद्दीपलीकडे जातो, आणि खोलीच्या मध्यभागी आल्यावर कॉल तुटतो.

दुसरं केबलमधलं. यासाठी साइट मास्टरसारखं केबल आणि अँटेना तपासणारं यंत्र लागतं, ते भाड्यानेही मिळतं. या मोजमापातच सर्वांत मोठी फसगत होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बहुतेक जण रेडिओच्या तोंडाशी यंत्र लावतात, व्हीएसडब्ल्यूआर १.३ च्या आत दिसला की "पास" लिहितात आणि जातात. हे मोजमाप निरुपयोगी आहे. यंत्रातून निघालेला सिग्नल केबल, स्प्लिटर, कपलर यांतून जाताना झिजतो, आणि परत येताना पुन्हा तेवढाच झिजतो. रेडिओपासून अँटेनापर्यंत १० डीबी तोटा असेल आणि शेवटी अँटेनाच तुटलेली असेल, सगळा सिग्नल परत फिरत असेल, तरी यंत्राला परतीचा तोटा (पाठवलेल्या सिग्नलपेक्षा परत आलेला किती कमी) २० डीबी दिसेल. म्हणजे व्हीएसडब्ल्यूआर १.२२. तुटलेली अँटेना उत्तम म्हणून पास! मार्ग जितका लांब आणि तोटा जितका जास्त, तितका आकडा देखणा.

म्हणून प्रत्येक तुकडा वेगळा मोजा. स्प्लिटरच्या बाहेरच्या तोंडाशी यंत्र लावा आणि पुढची एकच केबल अँटेनासह मोजा. तिथे १.५ च्या आत, म्हणजे परतीचा तोटा १४ डीबीहून जास्त, ही मी किमान पातळी धरतो. दोषाचं अंतर दाखवणारा आलेखही प्रत्येक तुकड्याचा वेगळा घ्या, कारण स्प्लिटरच्या पलीकडचं अंतर तो आलेख भरवशाने दाखवू शकत नाही. आणि पल्ला नव्या पट्ट्यांचा निवडा: ६९८ पासून ३८०० पर्यंत. जुन्या ८००-२५०० च्या पल्ल्यात काढलेला आलेख तुम्हाला नव्या कामाबद्दल काहीच सांगत नाही.

इशारा: रेडिओ चालू असताना कोणताही कनेक्टर उघडू नका. कंपनीच्या माणसाकडून रेडिओ बंद करून घ्या, बंद केल्याची वेळ लिहा, मगच पाना लावा. २०-४० वॅटचा सिग्नल बोट भाजतो आणि रेडिओही जातो. रुग्णालयात ही वेळ आयसीयू आणि अपघात विभागाला आधी लेखी कळवा.

टप्पा ४: तीन वाटा, त्यातली एक निवडा

मोजमाप हातात आलं की निर्णय सोपा होतो.

पहिली वाट: केबल तीच ठेवून स्प्लिटर, कपलर, अँटेना बदलणं. यातून ७०० चा पट्टा येतो, ४जी सुधारतं, जुने दोष निघतात. ३५०० मिळतं ते फक्त अँटेनाच्या अगदी जवळ. बजेट कमी असेल आणि मुख्य गरज कॉलवर बोलण्याची असेल तर ही वाट पुरते.

दुसरी वाट: शेजारून दुसरी समांतर केबल टाकून दोन मार्गांचं मायमो. जुन्या यंत्रणेत एकच केबल असते, म्हणून फोनला एकच प्रवाह मिळतो आणि वेग निम्म्यावर अडकतो. दुसरी केबल टाकली तर ४जीचाही वेग वाढतो. खर्च मोठा, शाफ्टमध्ये जागा लागते, आणि ३५०० चा १३ डीबीचा खड्डा तसाच राहतो. लोकांना ही वाट आवडते, कारण "दुप्पट केबल, दुप्पट सिग्नल" असं वाटतं. तसं होत नाही.

तिसरी वाट: खालचे पट्टे, म्हणजे ७०० ते २३००, जुन्याच पण दुरुस्त केलेल्या यंत्रणेवर ठेवायचे, आणि ३५०० साठी प्रत्येक मजल्यावर छोटे रेडिओ लावायचे, जे फायबर किंवा कॅट-६ए केबलवर चालतात. तोटा केबलमध्ये होतच नाही, कारण रेडिओ अँटेनाजवळच असतो. बहुमजली रुग्णालय, इंजिनिअरिंग कॉलेज, मोठं हॉटेल असेल तर माझं मत स्पष्ट आहे: हीच वाट घ्या. मजल्यावर वीज आणि डेटा केबल न्यावी लागते, तेवढी अडचण सोसा.

उद्यमबागेतल्या फाउंड्रीसारख्या शेडमध्ये गोष्ट वेगळी असते. पत्र्याचं छत बाहेरचा सिग्नल रोखतं, पण आत मोकळी उंची असते. दोन-चार पॅनेल अँटेना नीट लावल्या तर पहिली वाटही चालते. क्रेनच्या मार्गात आणि भट्टीच्या वर अँटेना येणार नाही एवढं बघा.

टप्पा ५: डिझाइन आणि सामान

जुन्या अँटेना २०-२५ मीटरवर असतील तर ३५०० साठी ते अंतर निम्म्यापर्यंत आणावं लागेल, असं धरून सुरुवात करा. पण कागदी डिझाइनवर ऑर्डर देऊ नका. कंपनीकडून एका मजल्यावर तात्पुरता चाचणी-प्रक्षेपक लावून घ्या, एका अँटेनाचा सिग्नल किती भिंती ओलांडतो ते मोजा आणि तोच आकडा बाकी मजल्यांच्या डिझाइनमध्ये वापरा. खडे बाजारातल्या जुन्या वाड्यावर उठवलेली इमारत आणि नेहरूनगरातली काँक्रीटची इमारत यांत एकच आकडा चालत नाही. कोरड्या दिवसात चाचणी घेतली असेल तर बाहेरच्या भिंतींसाठी ३ डीबी राखून ठेवा.

सामान घेताना तीन गोष्टी बघा. सगळे निष्क्रिय भाग, म्हणजे स्प्लिटर, कपलर, जंपर (जोडणीच्या लहान केबल), अँटेना आणि लोड (रिकाम्या तोंडाला लावायचा सिग्नल जिरवणारा भाग), ६९८ पासून ३८०० पर्यंतचे आणि कमी पिमचे असावेत. पिमचा दर्जा डेटाशीटवर -१५३ डीबीसी किंवा त्याहून चांगला. छापील सर्किटचे स्वस्त स्प्लिटर टाळा, पोकळीचे घ्या. केबलचं आवरण आगीत विषारी धूर न करणारं असावं, विशेषतः रुग्णालयात. दुसरी वाट घेतली असेल तर दोन्ही मार्गांच्या तोट्यात अँटेनाशी ३ डीबीपेक्षा जास्त फरक पडू देऊ नका, आणि दोन सुट्या ऑम्नी लावत असाल तर त्यांच्यात एक ते दीड मीटर अंतर ठेवा.

नेहमीची चूक: फक्त अँटेना ३८०० पर्यंतच्या आणल्या आणि मधले स्प्लिटर जुने राहिले. साखळीतला एक भाग जरी २५०० ला संपला तरी ३५०० तिथेच संपतं.

टप्पा ६: टाकणी आणि जोडणी

गच्चीवरचं आणि बाहेरच्या भिंतीवरचं सगळं काम मिरगाच्या आधी संपवा. जांबोटी, कणकुंबीकडचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना कारण सांगायला नको. टीडीडी रेडिओला वेळ जुळवायला जीपीएस अँटेना लागते, तिला मोकळं आकाश हवं. तिची केबल आणि वेदरप्रूफिंग पावसाआधी झालं नाही तर पुढचे चार महिने ओलाव्याचे दोष शोधत बसावं लागतं.

आत काम करताना हा क्रम ठेवा:

१. नवी केबल जुनीच्या शेजारून टाका. जुनी चालू राहू द्या.
२. शाफ्टमधून जाताना मजल्यामजल्याला पडलेली भोकं आग रोखणाऱ्या मसाल्याने बंद करा. हे काम "नंतर करू" म्हणून सोडलं जातं आणि कायमचं राहतं.
३. केबलचं तोंड तिच्यासाठी बनवलेल्या कटरनेच कापा. करवतीने कापलं तर तांब्याचा बारीक कीस आत राहतो, आणि पिमचं पहिलं कारण तोच कीस असतो.
४. कापलेलं तोंड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाळू द्या, मग कनेक्टर बसवा.
५. टॉर्क पान्यानेच आवळा: ७/१६ डिन जातीच्या कनेक्टरला २५ ते ३० न्यूटन-मीटर, स्क्रूच्या ४.३-१० जातीच्या कनेक्टरला ५ न्यूटन-मीटर. साध्या पान्याने "घट्ट वाटतंय" इतकं आवळलेलं कधी ढिलं निघतं, कधी चिरडलेलं.
६. कपलरचं किंवा स्प्लिटरचं जे तोंड वापरात नाही त्याला लोड लावा. उघडं सोडू नका.
७. कनेक्टर जुळत नाही म्हणून एकावर एक ॲडॉप्टर चढवू नका. योग्य जंपर मागवा आणि दोन दिवस थांबा.

तपासणी: सीलिंग बंद करण्याआधी प्रत्येक तुकड्याचा आलेख आणि प्रत्येक जोडाचा फोटो. सीलिंगच्या माणसाला हे कागद हातात आल्यावरच बोलवा.

हेस्कॉमची वीज पावसाळ्यात येते-जाते. रेडिओ आणि मजल्यावरचे छोटे रेडिओ यूपीएसवर घ्या, आणि यूपीएस किती वेळ टिकतो ते मुख्य वीज बंद करून प्रत्यक्ष बघा. अर्थिंग वेगळं मोजा.

टप्पा ७: पिम

२जीच्या काळात पिमकडे फारसं कोणी बघत नसे. आता एकाच केबलमध्ये पाच-सहा पट्टे येतात, आणि एखादा गंजलेला किंवा ढिला जोड दोन वारंवारता मिसळून तिसरीच तयार करतो. भारतात याचं सरळ उदाहरण आहे. ८५० चा पट्टा खाली येताना ८६९ ते ८८९ मेगाहर्ट्झ वापरतो. त्यातले ८८५ आणि ८७२ मिसळले तर दोनदा ८८५ वजा ८७२, म्हणजे ८९८ तयार होतं. आणि ८९० ते ९१५ हा ९०० च्या पट्ट्यात फोनकडून टॉवरकडे जाणारा मार्ग आहे. फोन बिचारा ओरडत असतो आणि टॉवरला या गोंगाटात ते ऐकूच येत नाही. रेषा पूर्ण दिसतात, कॉल लागत नाही. "सिग्नल फुल आहे पण बोलता येत नाही" या तक्रारीचं मूळ शोधताना सगळ्यांत आधी इथे बघा.

पिमची चाचणी दोन २० वॅटच्या टोननी घेतात. रेडिओजवळच्या भागांसाठी पूर्ण ताकद वापरा. पुढच्या शाखांत प्रत्यक्ष जेवढी ताकद पोहोचते त्याला धरून कंपनीची अट पाळा. चाचणी चालू असताना प्रत्येक कनेक्टरवर हलकेच टकटक करा आणि केबल हलवा. स्थिर असताना पास होणारा जोड हलवल्यावर उसळी मारत असेल तर तो नापासच.

दुसऱ्या टप्प्यात लाल शाईने खुणावलेल्या अँटेना आता हलवायच्या. लोखंडी सीलिंगची जाळी, गंजलेले खिळे, डक्टचे स्क्रू हेही पिम तयार करतात. अँटेना सीलिंगच्या खाली आणा आणि आजूबाजूला धातू येणार नाही अशी जागा द्या. वास्तुविशारदाला ती दिसायला आवडत नाही, हे मला ठाऊक आहे. तरीही खाली आणा.

टप्पा ८: रेडिओ चालू करणं आणि शाखा वळवणं

हे काम कंपनीच्या इंजिनिअरचं आहे, पण चार गोष्टी तुम्ही समोर उभं राहून विचारा.

जीपीएसवरून वेळ जुळली का? टीडीडी रेडिओ आजूबाजूच्या टॉवरशी एका लयीत नसेल तर तो स्वतःही चालत नाही आणि शेजाऱ्यालाही त्रास देतो.

आतल्या ४जी सेलला ५जी जोडण्याची मुभा दिली आहे का? जिओचं ५जी स्वतंत्र चालतं. एअरटेलने सुरुवात ४जीच्या आधारावर चालणाऱ्या प्रकाराने केली. अशा प्रकारात फोन आधी ४जी सेलवर बसतो आणि तो सेल त्याला ५जी जोडून देतो. आतल्या ४जी सेलमध्ये ही नोंद केलेली नसेल तर ५जीचा रेडिओ चालू असूनही एकाही फोनवर ५जी दिसत नाही. मग लोक पुन्हा केबल तपासायला लागतात, आणि केबलमध्ये काहीच नसतं.

आतल्या सेलचे बाहेरच्या सेलशी शेजार-संबंध, म्हणजे चालू कॉल कोणत्या सेलकडे सोपवायचा त्याची यादी, भरले का? मुख्य दरवाजा आणि पार्किंगच्या उतारावर कॉल चालू ठेवून आत-बाहेर चाला.

अपलिंकचा गोंगाट आधी किती होता आणि आता किती आहे? ३ डीबीने जरी वाढला असेल तर शाखा वळवणं थांबवा आणि पिमकडे परत जा.

शाखा रात्री, एका वेळी एक मजला अशा वळवा. मजला तपासून झाल्याशिवाय पुढचा घेऊ नका. जुनी केबल निदान महिनाभर जागेवर राहू द्या, म्हणजे अडचण आली तर रात्रीतच परत जुन्यावर जाता येतं.

टप्पा ९: वॉक टेस्ट आणि ताबा

तिसऱ्या टप्प्यात जिथे मोजलं त्याच जागी, तोच फोन घेऊन पुन्हा मोजा. कंपनीच्या अटी वेगळ्या असतील तर त्या पाळा. नसतील तर ९५ टक्के जागेत ४जीचा आरएसआरपी -९५ डीबीएमच्या वर असावा, असा आग्रह धरा. नुसता वेग बघू नका. रात्री रिकाम्या इमारतीत वेग छानच दिसतो, म्हणून ओपीडीच्या वेळेत किंवा कॉलेजच्या मधल्या सुट्टीत एकदा मोजा. दारं बंद करून लिफ्टमध्ये कॉल चालू ठेवा.

ताबा घेताना हे कागद इमारतीच्या कार्यालयात ठेवा: प्रत्यक्ष झालेल्या कामाचा नकाशा, तुकड्यानिहाय आलेख, पिमचे निकाल, फोटो, सामानाची डेटाशीट, रेडिओच्या खोलीची किल्ली कोणाकडे आहे ते, आणि कंपनीच्या सर्कल कार्यालयाशी झालेला पत्रव्यवहार. कंत्राटदाराच्या लॅपटॉपमध्ये आहेत म्हणून चालत नाही. दूरसंचार नियामक ट्रायने २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीचं मानांकन देण्याचे नियम काढले आहेत. तुमच्या संस्थेला पुढे असं मानांकन घ्यायचं असेल तर हीच फाइल कामाला येईल.

पुढे देखभालीत दोन वेळा ठरवून घ्या. दर मे महिन्यात बाहेरचे जोड, जीपीएसची केबल आणि अर्थिंग. आणि सीलिंग, रंग, एसी किंवा पार्टिशनचं कोणतंही काम झालं की त्या मजल्याच्या तुकड्यांचा आलेख पुन्हा घ्या आणि जुन्या आलेखाशी ताडून पाहा. त्या कामाच्या कंत्राटातच एक ओळ घाला: अँटेना किंवा काळी केबल हलवायची असेल तर आधी देखभाल विभागाला कळवायचं, आणि आलेख जुळल्याशिवाय शेवटचं बिल निघणार नाही.